अवधान

आपल्या नेसरीकडे पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते. 'अवधान आलं' म्हणतात. जखम एकीकडे, गाठ भलतीकडे. गावातल्या म्हाताऱ्यांना हे नातं ठाऊक होतं, पण मधली वाट कुणाला दिसत नव्हती.

ती दिसली १६२२ साली, इटलीत. गास्पारे असेल्ली या डॉक्टराला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या नळ्या दिसल्या. त्या रसवाहिन्या. शरीरात झिरपलेलं पाणी गोळा करून, वाटेतल्या गाठींमधून गाळत, त्या ते परत रक्तात सोडतात.

कॅन्सरही याच वाटेनं जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉल्स्टेड स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढायचा. पण तेव्हा आणि पुढेही बराच काळ समज असा, की रसवाहिन्या म्हणजे आयतं गटार, पेशी त्यात पडतात आणि वाहून जातात. तो तपासायचा कसा? सूक्ष्मदर्शकाखाली रसवाहिनी कुठली अन् बारीक रक्तवाहिनी कुठली, हेच नीट ओळखू येईना! (एवढ्याशा गोष्टीनं विज्ञान किती वर्षं अडतं पाहा.)

१९९६ साली हेलसिंकीत कारी अलितालोंच्या प्रयोगशाळेत 'व्हीईजीएफ-सी' हे प्रथिन सापडलं. ते रसवाहिन्या वाढवतं. १९९९ च्या सुमारास त्या ओळखायच्या खुणाही मिळाल्या. मग २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की हे प्रथिन जास्त बनवणाऱ्या ट्यूमरभोवती नव्या रसवाहिन्या फुटतात आणि गाठींत कॅन्सर जास्त पसरतो. म्हणजे तो आयत्या वाटेनं तर जातोच, वर वाट वाढवूनही घेतो.

मात्र गाठीतूनच तो पुढे फुप्फुसात, यकृतात जातो का, यावर अजून वाद आहे. काही रुग्णांत तो मूळ जागेवरून वेगळाच गेलेला आढळतो.

आपल्याकडचा प्रश्न जास्त रोकडा होता. तोंडाचा कॅन्सर लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. तर मानेतल्या गाठी आत्ताच काढायच्या, की वाट पाहायची? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून हे तपासलं. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल आला. आधीच गाठी काढलेल्यांत ३ वर्षांनी ८० टक्के हयात, थांबलेल्यांत ६७.५. हाताला न लागणारं मानेत पोचलेलं असतं ते असं.

अवधान ठणकतं, म्हणून माणूस दाखवतो तरी. कॅन्सरची मानेतली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मिसरी लावणाऱ्या आपल्या काकू-आत्यांची मला भीती वाटते ती त्यामुळेच.