अठ्ठाविशीतले दोन नवखे

मागच्या महिन्यात मला अठ्ठावीस पूर्ण झाली. त्याच आठवड्यात आमच्या टीममध्ये बाविशीची दोन पोरं आली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'सर' म्हटलं! असो. त्या धक्क्यातून सावरायला शनिवारी चहाचा थर्मास भरून २००५ च्या फॉर्म्युला वनच्या जुन्या शर्यती बघत बसलो. २००५ च का? तर त्या मोसमात जॉर्डन संघाने दोन्ही गाड्यांत नवखे ड्रायव्हर बसवले होते, आणि मोसम सुरू झाला तेव्हा दोघंही होते अठ्ठावीस वर्षांचे.

एक आपला कोइमतूरचा नरेन कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. दुसरा पोर्तुगालच्या पोर्तो शहरातला तियागो मोंतेइरो.

नवख्यांना संधी देणं ही जॉर्डनची जुनी खोड. १९९१ मध्ये मायकल शूमाकर पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो याच संघाच्या गाडीतून. १९९३ मध्ये रुबेन्स बॅरिकेलो, १९९७ मध्ये राल्फ शूमाकर. पण २००५ ची गोष्ट वेगळी. एडी जॉर्डनने त्याच वर्षाच्या सुरुवातीला संघ मिडलँडला विकला होता, आणि गरीब संघाचं गणित साधं असतं. अनुभवी ड्रायव्हर पगार मागतो, नवखा प्रायोजक घेऊन येतो. नरेनच्या मागे टाटा होते. त्याआधी मिनार्डीकडची जागा पैशांअभावीच हुकली होती त्याची. म्हणजे अठ्ठाविशीत 'फ्रेशर' होण्यामागे वेग कमी असणं हे कारण नव्हतं मंडळी, पैसे जमायला तेवढी वर्षं लागली.

पहिली शर्यत मेलबर्नला, ६ मार्चला. पात्रता फेरीत पाऊस आला, सगळं उलटंपालटं झालं आणि नरेन बाराव्या जागेवर! त्याच्या मागे तेराव्या जागेवर कोण? फर्नांडो अलोन्सो, त्या वर्षीचा विश्वविजेता. शर्यत संपली तेव्हा अलोन्सो तिसरा आणि नरेन पंधरावा. गाडीतला फरक म्हणतात तो हा.

मग १९ जून, इंडियानापोलिस. शुक्रवारी तेराव्या वळणावर राल्फ शूमाकरची टोयोटा टायर फुटून भिंतीवर आदळली. मिशेलिनने सांगून टाकलं की हे टायर त्या वळणावर पूर्ण वेगात टिकतील याची खात्री देता येत नाही. वेग कमी करायला तिथे जास्तीचं वळण टाकायची मागणी झाली, फियाने ती फेटाळली. शेवटी फॉर्मेशन लॅप झाल्यावर मिशेलिनवाल्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये शिरल्या. उरल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. लोकांनी संतापून बाटल्या फेकल्या. मोंतेइरो तिसरा, नरेन चौथा. दोन्ही फेरारीवाले पडलेल्या चेहऱ्याने पोडियमवरून निघून गेले. मोंतेइरो मात्र थांबला आणि शॅम्पेन उडवत एकट्यानेच मनसोक्त साजरं केलं. तेव्हा लोक हसले असतील, मला मात्र तो माणूस तिथे जाम आवडला. पोडियमवर उभा राहणारा तो पहिला पोर्तुगीज होता, त्याने का म्हणून तोंड पाडायचं?

पण खरी गंमत बाकीच्या मोसमात आहे. मोंतेइरोने पहिल्या सोळाच्या सोळा शर्यती पूर्ण केल्या. एकोणीसपैकी फक्त ब्राझीलची अर्ध्यात सुटली. आम्हा सर्व्हरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर अपटाइम जबरदस्त. आणि त्या वर्षीच्या नियमांत याला किंमत होती. एकच इंजिन दोन शर्यती चालवायचं, टायर एका शर्यतीत बदलायचे नाहीत, आणि पात्रता फेरीत कोण कधी उतरणार ते मागच्या शर्यतीच्या निकालावर ठरायचं. मागच्या वेळी गाडी बंद पडली तर या वेळी लवकर उतरा, बाकीच्यांसाठी धुळीचा ट्रॅक साफ करा! नरेनची गाडी पाच वेळा अर्ध्यात थांबली, शेवटची शांघायला भिंतीवर. स्पाच्या ओल्या ट्रॅकवर मोंतेइरो आठवा आला, बड्या संघांच्या गाड्या मैदानात असताना. तो जॉर्डन या नावाचा शेवटचा गुण.

हिशोब: मोंतेइरो ७, नरेन ५. २००६ साठी मिडलँडने मोंतेइरोला ठेवलं. नरेन विल्यम्सकडे टेस्ट ड्रायव्हर म्हणून गेला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बेंचवर. मला विचाराल तर वेगात तो कमी नव्हता, पण मॅनेजरला प्रत्येक वेळी गाडी घरी आणणारा माणूस हवा असतो. (हे वाक्य लिहिताना मला आमचा मॅनेजर दिसतोय, ते सोडा.)

तोच संघ हात बदलत २००८ मध्ये फोर्स इंडिया झाला. नावात इंडिया, पण शर्यतीत त्यांच्या गाडीत भारतीय ड्रायव्हर कधीच बसला नाही. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडात भारतातली पहिली ग्रां प्री झाली तेव्हा नरेन उतरला तो एचआरटीच्या गाडीतून. चौतीस वर्षांचा, सर्वांत मंद गाड्यांपैकी एक. सतरावा आला. अठरावा आला त्याच संघातला बावीस वर्षांचा एक नवखा, डॅनियल रिकार्डो.