पंखात लपलेली तुळई

पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून धरा आणि दुसरे टोक बोटाने वर उचला. पट्टी वाकते. उडत्या विमानाचा पंखही हवेच्या बलाने असाच वर वाकू पाहतो. हे वाकणे पेलण्यासाठी पंखाच्या मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या लांब तुळया असतात. त्यांना स्पार म्हणतात. त्यांना आडव्या बसवलेल्या बरगड्या पंखाला आकार देतात आणि या सांगाड्यावर आवरण चढते.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात स्पार लाकडी, तर आवरण कापडाचे होते. वरचा आणि खालचा पंख खांबांनी व ताणलेल्या तारांनी एकमेकांना बांधलेले होते. पण हवेतून जाताना या तारांचा अडथळा होई. डच विमाननिर्माते अँथनी फॉकर यांच्या प्रवासी विमानांत तारा गेल्या. जाड पंखात पेटीसारखे पोकळ लाकडी स्पार आले आणि त्यांवर प्लायवूडचे आवरण सरसाने चिकटवले गेले. पंख मजबूत झाला, पण सांगाडा नजरेआड गेला.

याची किंमत पुढे मोजावी लागली. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बझार गावाजवळ फॉकर एफ-१०ए विमानाचा पंख हवेतच तुटला. विख्यात फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यासह आठही जण मृत्युमुखी पडले. आधी संशय बर्फावर गेला. नंतर लक्ष वळले ते पंखाच्या आत, ओलाव्याने सुटलेल्या सरसाच्या सांध्यांकडे. हे सांधे तपासायचे, तर प्लायवूड उचकटण्यावाचून इलाज नव्हता! मे १९३१ मध्ये सरकारने या जातीच्या विमानांची प्रवासी उड्डाणे थांबवली.

अपघातग्रस्त विमान चालवणाऱ्या कंपनीने ऑगस्ट १९३२ मध्ये नवे विमान मागवताना अट घातली : आतला मुख्य सांगाडा धातूचाच हवा. त्यातून १ जुलै १९३३ रोजी डग्लस डीसी-१ आकाशात झेपावले. त्याच्या पंखात धातूच्या अनेक तुळया होत्या आणि पत्र्याचे आवरणही त्यांच्या जोडीने भार वाहत होते.

धातूलाही तडे जातात. म्हणूनच आजच्या पंखांत तपासणीसाठी उघडता येणारी झाकणे असतात. रचना भक्कम असणे पुरेसे नाही, ती तपासताही आली पाहिजे. हा धडा आपण त्या अपघातातून शिकलो.