राउटरचा स्वयंचलित पुनरारंभ

घरातील इंटरनेट जोडणी बंद पडल्याचे ओळखून राउटर आपोआप बंद-चालू करणारी व्यवस्था. ती राउटरच्या प्रणालीतच असते किंवा त्याच्या वीजपुरवठ्यावर बसवलेल्या वेगळ्या उपकरणात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात तिचा उपयोग दोन ठिकाणी होतो. हिंजवडी, माण परिसरात घरून काम करणाऱ्यांचा खोळंबा टळतो. तर पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या, एरवी बंद असणाऱ्या बंगल्यांतले कॅमेरे आणि पंप पुण्यात बसून पाहता येतात. नेट गेले की तिथे बटण दाबायला कोणी नसते.

कारणे : राउटर हा लहानसा संगणकच असतो. तो दीर्घकाळ चालू राहिला की सदोष प्रणालीत मेमरी भरत जाते, बंद कपाटात तो तापतो. पावसाळ्यात लाईट क्षणभर जाऊन आली तर तो अर्धवट सुरू होऊन अडकतो. दिवे हिरवे दिसतात, पण पान उघडत नाही. बंद-चालू केल्याने मेमरी रिकामी होते आणि सेवादात्याशी नव्याने जोडणी होते.

तपासणी : सर्वांत रूढ साधन म्हणजे पिंग. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम दूरच्या संगणकाकडे छोटा संदेश पाठवून उत्तराची वाट पाहतो. त्यासाठी गूगलचा ८.८.८.८ (२००९ पासून) आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (२०१८ पासून) हे पत्ते सोयीचे पडतात. एकाच पत्त्यावर विसंबल्यास ती सेवा बंद पडताच घरचा राउटर विनाकारण बंद होतो; म्हणून दोन्हीकडून सलग काही मिनिटे उत्तर आले नाही, तरच जोडणी गेली असे धरतात.

पद्धती : २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत ‘वॉचकॅट’ हे पॅकेज हे काम करते, मायक्रोटिकच्या राउटरांत ‘नेटवॉच’ असते. मात्र राउटर पुरता गोठला तर त्याच्या आतली प्रणालीही गोठते. तेव्हा बाहेरचे उपकरण लागते : ईएसपी८२६६सारखा स्वस्त वायफाय मायक्रोकंट्रोलर आणि रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. अॅडॉप्टरची तार रिलेच्या ‘एनसी’ (एरवी जोडलेल्या) संपर्कातून नेतात. म्हणजे उपकरण बिघडून रिलेची वीज गेली तरी राउटर चालूच राहतो. पुरवठा तोडल्यावर कपॅसिटर रिकामे व्हावेत म्हणून अर्धा मिनिट थांबून तो पुन्हा जोडतात. बाजारातील स्मार्ट प्लग वापरताना निर्णय प्लगमध्येच होतो की कंपनीच्या सर्व्हरवर, हे पाहावे लागते. सर्व्हरकडून आज्ञा घेणारा प्लग नेट गेल्यावर निरुपयोगी ठरतो. वेळ लावलेला टायमर सर्वांत साधा. पण तो जोडणी तपासत नाही, ठरल्या वेळी, बहुधा पहाटे, पुरवठा तोडतो.

मर्यादा : पुनरारंभाने फक्त घरातील उपकरणाचा दोष जातो. खांबावरून आलेली फायबर झाड पडून तुटली, तर फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (संकेत न मिळाल्याचा) लाल दिवा लागतो; तेव्हा राउटर कितीही वेळा चालू केला तरी उपयोग नसतो. अशा वेळी व्यवस्था दर काही मिनिटांनी बंद-चालू करत राहते व घरातले वायफायही तुटत राहते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करणे आणि ठरावीक प्रयत्नांनंतर सोडून देणे. राउटर सुरू होऊन जोडणी मिळायला काही मिनिटे लागतात. तेवढा अवकाश पहिल्या तपासणीआधी ठेवावाच लागतो. प्रणाली अद्ययावत होत असताना वीज तोडल्यास राउटर कायमचा निकामी होण्याचाही धोका असतो. प्रत्येक पुनरारंभाची वेळ नोंदवणे उपयुक्त ठरते. नोंदी उन्हाच्या दुपारी साचत असतील, तर राउटर कपाटाबाहेर काढावा. लाईट जाण्याच्या वेळांशी जुळत असतील, तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवावा.