संशयकल्लोळ : फसविणाऱ्यावाचून झालेली फसवणूक

गोविंद बल्लाळ देवल हे नाव उच्चारताच मराठी वाचकाला प्रथम आठवते ती 'शारदा'. बाला-जरठ विवाहाच्या दुष्ट चालीवर १८९९ साली या नाटकाने केलेला प्रहार समाजाच्या जिव्हारी लागला आणि देवलांचे स्थान मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमचे निश्चित झाले. त्यांच्या 'संशयकल्लोळ' या नाटकाला रसिकांचे प्रेम भरपूर लाभले. परंतु 'हसून सोडून द्यावयाचे नाटक' अशीच त्याची सामान्यतः गणना होते. प्रेम आणि फसवणूक यांच्या संबंधाविषयी हे नाटक काही गंभीर सांगते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देवल हे सीमाभागातील वाचकांना परके नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरला १८५५ साली त्यांचा जन्म झाला. परंतु शिक्षण झाले ते बेळगावात. तेथील शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे गुरू होते. पुढे देवलांनी स्वतःही बेळगावात अध्यापन केले. अण्णासाहेबांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले, आणि गुरूने पाडलेल्या त्या वाटेवरून पुढे चालणाऱ्यांत देवल अग्रभागी होते.

'संशयकल्लोळ'च्या कथानकाचा प्रवास मात्र फार दूरवरून झालेला आहे. फ्रेंच नाटककार मोलिअर याने १६६० साली पॅरिसमध्ये 'स्गानारेल' हे एकांकी प्रहसन रंगभूमीवर आणले. एका तरुणीला भोवळ येते आणि तिच्या हातातील प्रियकराचे चित्र गळून पडते, एवढ्याशा प्रसंगावर ते उभे आहे. या कल्पनेचा आधार घेऊन आर्थर मर्फी या आयरिश लेखकाने १७६१ साली लंडनमध्ये 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी नाटक सादर केले. देवलांनी १८९३ साली मर्फीचे नाटक मराठीत आणले ते 'फाल्गुनराव' या गद्य रूपात. तेवीस वर्षांनी, म्हणजे १९१६ साली, त्यालाच पदांची जोड मिळून गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर 'संगीत संशयकल्लोळ' अवतरले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव यांनी प्रेक्षकांना वेड लावले. त्याच वर्षी देवल निवर्तले.

कथानक सर्वपरिचित आहे. रेवतीला रस्त्यात भोवळ येते आणि फाल्गुनराव तिला सावरतात. नेमके तेवढेच दृश्य त्यांची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती कौतुकाने न्याहाळीत असता फाल्गुनराव मागून येतात आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांपाशी पाहून अश्विनशेठ रेवतीवर रुष्ट होतो, आणि रेवतीला अश्विनशेठच्या निष्ठेविषयी शंका येऊ लागते. एका तसबिरीपायी दोन जोडपी होरपळून निघतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या नाटकात जो तो 'माझी फसवणूक झाली' असा आक्रोश करतो. परंतु फसविणारा मात्र कोणीच नाही. रेवती एकनिष्ठ आहे, अश्विनशेठ प्रामाणिक आहे, कृत्तिका पतिव्रता आहे आणि फाल्गुनरावांनी एका मूर्च्छित मुलीला सावरण्यापलीकडे काहीही केलेले नाही. प्रत्येकाने पाहिलेले दृश्यही खरेच आहे. खोटा आहे तो त्या दृश्यावरून काढलेला निष्कर्ष. प्रत्येक जण स्वतःचा पुरावा स्वतःच गोळा करतो, स्वतःच न्यायाधीश होतो आणि आरोपीचे म्हणणे न ऐकताच निकाल देऊन मोकळा होतो.

देवलांना या विषयाची दुसरी बाजूही उत्तम ठाऊक होती. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' हे रूपांतर त्यांनीच १८९० साली केले होते. 'ऑथेल्लो'त एक हातरुमाल निरपराध पत्नीचा घात करतो. कारण तो पुरावा म्हणून पुढे करणारा कपटी मनुष्य तेथे कानाशी लागलेला आहे. 'संशयकल्लोळ'मध्ये असा खलपुरुष नाही, म्हणून तसबीर कोणाचा जीव घेत नाही. प्रेक्षकाला सर्व सत्य आधीपासून माहीत असते, म्हणून तो निर्धास्तपणे हसतो. परंतु हातरुमाल आणि तसबीर यांच्यातील अंतर फार मोठे नाही. फाल्गुनरावांच्या कानाशी एखादा कारस्थानी लागला असता, तर त्याच घरात शोकनाट्य घडावयास वेळ लागला नसता. आपले हसू या काठावर उभे आहे.

देवलांनी मूळ कथेत केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल रेवतीचा आहे. मोलिअर आणि मर्फी या दोघांच्याही नायिका प्रतिष्ठित घराण्यातील कन्या असून त्यांच्या प्रेमाआड येतो तो पित्याचा हुकूम. देवलांची रेवती नायकिणीच्या घरात जन्मलेली आहे. या एका बदलाने संशयाचे मोल पार पालटते. प्रतिष्ठित कन्येला प्रियकराने टाकले, तरी तिचे घर आणि नाव शाबूत राहते. रेवतीला मात्र अश्विनशेठबरोबर गृहिणी म्हणून जगण्याची आशाच गमवावी लागणार. शिवाय तिच्याविषयी वाईट मानावयास लोक आधीपासूनच तयार आहेत. ज्या स्त्रीवर समाजाने जन्मतःच अविश्वास दाखविला, तिच्यावर प्रियकरानेही विश्वास ठेवू नये, ही या विनोदातील खरी बोचणी आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले होते. त्यातील गणिका वसंतसेनेला अखेरीस वधूपद लाभते. रेवतीच्या पाठीशी मर्फीच्या नायिकेइतकीच ही वसंतसेनाही उभी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पात्रांच्या नावांतही देवलांनी मोठी गंमत केली आहे. पुरुषांना महिन्यांची नावे आणि स्त्रियांना नक्षत्रांची. आपल्या पंचांगात महिन्याला नाव मिळते ते नक्षत्रावरूनच. कृत्तिकेवरून कार्तिक, अश्विनीवरून आश्विन. त्या हिशेबाने कृत्तिका फाल्गुनाच्या घरी थोडी चुकीच्याच जागी पडली आहे, आणि त्या घरातील धुसफुशीला जणू पंचांगाचाच दुजोरा मिळतो! उलट रेवती हे नक्षत्रमालिकेतील शेवटचे नक्षत्र. ते संपताच अश्विनी सुरू होते. परक्या भूमीवरची कथा मराठी घरात आणताना देवलांनी तिला अशी आपली कालगणना दिली. त्यामुळे भादव्यासारखा गडी आणि फाल्गुनरावांसारखा यजमान आपल्याच आळीतले वाटू लागतात.

मोलिअरच्या प्रहसनात हा गुंता कोणी पंडित सोडवीत नाही. एक दासी पुढे होते, प्रत्येकाला क्रमाने सरळ प्रश्न विचारते आणि क्षणार्धात सारे मळभ निवळते. देवलांच्या नाटकातही तसबीर कोणाकडून कोणाकडे गेली हे समोरासमोर कळताच कल्लोळ शांत होतो. उपाय इतका सोपा असतो. पण तो सुचत नाही, कारण विचारण्यात कमीपणा वाटतो आणि संशय घेण्यात आपण शहाणे ठरतो. प्रेमाची परीक्षा प्रतिज्ञा करताना होत नाही. एखादी तसबीर अनपेक्षित हाती दिसली असता मनुष्य आधी प्रश्न करतो की आधी निकाल देतो, यात ती होते.

ग्रंथालयाच्या कपाटातून 'संशयकल्लोळ' पुन्हा घरी न्यावे, अशी सभासदांना विनंती आहे. ते वाचताना हसू येईलच. पुस्तक मिटल्यावर, आपण न विचारताच कोणाकोणाला दोषी ठरविले आहे, याचीही आठवण झाली, तर देवलांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.