औषधाच्या खिडकीमागचा इतिहास

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं, की केसपेपर घेऊन आपण औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या राहतो. या खिडकीलाही इतिहास आहे. आज तो ऐकू या.

आपल्या आजीच्या काळी खिडकीत कंपाउंडर असायचे. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरत आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते समजायचं. पुड्या, मलमं तिथेच तयार होत.

पण औषध देणाऱ्याचं शिक्षण किती हवं, याचा देशभर एक नियम नव्हता. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे १९४० मध्ये औषधांच्या दर्जाचा कायदा आला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. औषध देणाऱ्याला ठरावीक शिक्षण आणि नोंदणी लागू लागली.

हळूहळू कारखान्यातल्या गोळ्या आल्या आणि मिक्श्चरच्या बाटल्या गेल्या. आता खरी जबाबदारी खरेदीची आणि तपासणीची झाली. ती चुकली तर काय होतं, हे मुंबईने १९८६ साली पाहिलं. जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतचे दोष उघड झाले. रुग्णांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला होता. घात बाटलीतल्या औषधाने केला.

तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी एकत्र खरेदी करायची, आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासायचे आणि मगच तो वाटायचा, अशी ही पद्धत. इतर राज्यांनीही त्यातून धडा घेतला. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले.

आज खिडकीमागे बरंच काम चालतं. वॉर्डांना औषधं पुरवणं, लसी थंड ठेवणं, सर्पदंशावरचं प्रतिविष हाताशी ठेवणं, मुदत संपलेला माल बाजूला काढणं. आणखी एक काम आहे, ते आपल्याला फारसं ठाऊक नसतं. २०१५ च्या नियमांनुसार औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावून सांगणं हीसुद्धा फार्मासिस्टची जबाबदारी आहे.

तेव्हा बायांनो, मागे रांग मोठी आहे म्हणून पिशवी उचलून निघू नका. गोळी जेवणाआधी की नंतर? किती दिवस? पोटात बाळ आहे किंवा अंगावर पाजते आहे, तर चालेल का? मुदत कधी संपते? एवढं विचाराच. खाचांची पट्टी गेली, पण नीट समजून औषध घेण्याचा आपला हक्क गेलेला नाही.