हेन्री, मिलीहेन्री, मायक्रोहेन्री : एका पायरीचा हजारपट घोळ

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत सुट्या भागांच्या दुकानात जाऊन 'शंभरचा इंडक्टर द्या' एवढेच सांगितले, तर दुकानदार हमखास उलट विचारतो, 'मिली की मायक्रो?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. दोहोंत हजारपटीचे अंतर असते आणि चुकीचा भाग बसवल्यास तो निमूटपणे काम करीत नाही, किंवा शेजारचा भाग जाळतो.

तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह बदलू लागला, की ते वेटोळे त्या बदलास विरोध करते. या गुणधर्मास प्रवर्तकता किंवा इंडक्टन्स म्हणतात. प्रवाह दर सेकंदाला एक अँपिअर या गतीने बदलत असताना वेटोळ्यात एक व्होल्ट दाब निर्माण होत असेल, तर त्याची प्रवर्तकता एक हेन्री होय. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री (१७९७-१८७८) यांनी १८३२ मध्ये स्वयंप्रवर्तनाविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांचे नाव या एककास देण्याचा निर्णय १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत झाला.

व्यवहारात हेन्री हे बरेच मोठे एकक ठरते. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा वजनदार चोक सुमारे एक हेन्रीच्या घरात असतो. रेडिओच्या मध्यम लहरींच्या कॉइलचे मूल्य काहीशे मायक्रोहेन्री, तर मोबाइल संचातील तिळाएवढ्या इंडक्टरचे मूल्य बहुधा नॅनोहेन्रीत असते. त्यामुळे रूपांतर अटळ ठरते. एक हेन्री म्हणजे १,००० मिलीहेन्री, १० लाख मायक्रोहेन्री किंवा १०० कोटी नॅनोहेन्री. मोठ्या एककाकडून लहानाकडे जाताना प्रत्येक पायरीला हजाराने गुणावे, उलट जाताना भागावे. म्हणजे ०.४७ मिलीहेन्री म्हणजे ४७० मायक्रोहेन्री आणि ६८ नॅनोहेन्री म्हणजे ०.०६८ मायक्रोहेन्री. दोन इंडक्टर एकापुढे एक जोडायचे असतील, तर आधी एकक सारखे करावे. २.२ मिलीहेन्री आणि ३३० मायक्रोहेन्री यांची बेरीज २.५३ मिलीहेन्री होते. मात्र दोन्ही वेटोळी एकमेकांच्या चुंबकीय प्रभावापासून दूर असली पाहिजेत.

गणित एवढेच आहे. खरी फसगत होते ती खुणा वाचताना. लहान इंडक्टरवर बहुधा तीन अंक छापलेले असतात आणि ते मायक्रोहेन्रीत वाचायचे असतात. पहिले दोन अंक मूल्याचे, तिसरा त्यापुढील शून्यांची संख्या सांगणारा. म्हणून '१०१' म्हणजे १०० मायक्रोहेन्री आणि '४७०' म्हणजे ४७०च्या जागी केवळ ४७ मायक्रोहेन्री! '४आर७' मधील 'आर' हे दशांशचिन्ह असून मूल्य ४.७ मायक्रोहेन्री होते, तर 'आर'च्या जागी 'एन' असल्यास तेच ४.७ नॅनोहेन्री. अंकांनंतरचा 'के' पाहून किलो समजू नये. तो छापील मूल्याहून दहा टक्के कमी-अधिक भरण्याची मुभा दाखवतो. 'जे' पाच टक्के, 'एम' वीस टक्के. ग्रीक 'म्यू' अक्षर छापण्याची सोय नसते तेथे 'यू' वापरतात, तोही मायक्रोच समजावा. देवनागरीत लिहिताना तर 'मि.' आणि 'मा.' यांत एका स्वरचिन्हाचाच फरक उरतो, तेव्हा पूर्ण शब्द लिहिणे बरे. तरीही शंका राहिली, तर मीटरवर मोजावे.

या घोळाचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पुणेकर श्रोत्यांच्या परिचयाच्या ७९२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीसाठी २०० मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली, तर तिच्या जोडीला सुमारे २०२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो. चुकून २०० मिलीहेन्री धरले, तर वारंवारता हजारपट घटत नाही. ती वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे ३१.६ पट घटते आणि सुमारे २५ किलोहर्ट्झवर येते. तेथे मध्यम लहरींचे कोणतेही केंद्र सापडणार नाही. संच बंद नाही, जोडणी बरोबर, आवाज मात्र नाही, अशी अवस्था होते.

वीजपुरवठा मंडलात चूक अधिक महागात पडते. १०० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरवर १२ व्होल्ट लावल्यास पाच मायक्रोसेकंदांत प्रवाह ०.६ अँपिअरने वाढतो. तेथे १०० नॅनोहेन्रीचा भाग बसवला, तर हिशेबाने तोच प्रवाह ६०० अँपिअरवर जायला हवा. अर्थात तेथवर पोचण्याच्या कितीतरी आधी ट्रान्झिस्टर जळून गेलेला असतो.

रेडिओवरील जुन्या पुस्तकांत कॉइलचे मूल्य कधी कधी चक्क सेंटिमीटरमध्ये दिलेले आढळते. ती छपाईची चूक नव्हे. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीच्या विद्युतचुंबकीय एककांत प्रवर्तकतेचे परिमाण लांबीचेच येते आणि त्यातील एक सेंटिमीटर म्हणजे एक नॅनोहेन्री. साहजिकच एक हेन्री म्हणजे १०० कोटी सेंटिमीटर, अर्थात १०,००० किलोमीटर. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर जवळपास एवढेच असल्याने हेन्री हे नाव ठरण्यापूर्वी या एककास 'क्वाड्रंट', म्हणजे वर्तुळाचा चतुर्थांश, असेही म्हणत. जुन्या पुस्तकात २,००,००० सेंटिमीटर दिसले, की हजाराने भागून २०० मायक्रोहेन्री घ्यावे.

१ जानेवारी १९४८ पूर्वीच्या उपकरणांवर 'आंतरराष्ट्रीय हेन्री' असा उल्लेख असू शकतो. तो आजच्या हेन्रीपेक्षा सुमारे ०.०५ टक्क्याने मोठा होता. बाजारातील इंडक्टर मुळातच पाच-दहा टक्के इकडेतिकडे असल्याने दुरुस्ती करणाऱ्याने त्या फरकाची चिंता करण्याचे कारण नाही.