रेघेवरचा शब्द

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाची मुलगी माझ्याकडे भलंमोठं कार्डशीट घेऊन आली. आठवीत आहे. शाळेनं प्रकल्प दिलेला, 'आमचं वरोरा', आणि तो निबंध लिहून नाही, तर कॉन्सेप्ट मॅप काढून द्यायचा. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत त्याला संकल्पना नकाशा म्हणतात. चौकटीत एकेक संकल्पना, दोन चौकटींमध्ये बाण आणि बाणावर शब्द. चौकट, बाण, चौकट असं सलग वाचलं की एक पूर्ण विधान झालं पाहिजे.

बाईसाहेबांनी स्केचपेननं सुंदर चौकटी काढल्या होत्या. वरोरा, कोळसा, खाण, रेल्वे, इंग्रज, कापूस, आनंदवन. बाणही भरपूर. फक्त एकाही बाणावर शब्द नव्हता. म्हटलं, अगं, ही तर नुसती जाळी झाली, शब्द लिही. तिनं नाक मुरडलं, पण लिहायला लागली. 'रेल्वे'कडून 'खाण'कडे जाणाऱ्या बाणावर लिहिलं, 'मुळे सुरू झाली'.

"हे उलटं आहे गं."

"नाही आत्या, तसंच होय. वहीत हाय ना."

वही आणली. त्यात वाक्य होतं : वरोरा येथे रेल्वे आली व कोळशाची खाण सुरू झाली.

वाचलं आणि गप्प बसले. कारण ते वाक्य माझं होतं.

मी गावातच इतिहास-भूगोल शिकवत असे, हे नातेवाइकांना माहीत आहेच. 1980च्या दशकात मुलांना आपल्या गावाचं काहीतरी कळावं म्हणून मी एक पान तयार केलं होतं, सायक्लोस्टाइल केलेलं. माझीच एक विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली, आता भाचीला शिकवते. तिनं ते पान जपून ठेवलं आणि दरवर्षी झेरॉक्स काढून वापरलं. मला कळलं असतं तर आधी आनंदच झाला असता!

आता खरा क्रम पाहा. वरोऱ्याची खाण सरकारनं 1871 मध्ये सुरू केली. हा कोळसा वाहून न्यायचा म्हणून त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा आला. म्हणजे आधी कोळसा, मग रूळ. 1906 मध्ये खाण बंद झाली, पण रूळ राहिले. ते पुढे बल्लारशाकडे वाढले आणि 1929 मध्ये काझीपेट-बल्लारशा जोडलं गेल्यावर दिल्ली-मद्रास थेट वाट झाली. ज्या कोळशासाठी गाडी आली तो संपला आणि गाडी आपली मद्रासला निघाली. गावाच्या इतिहासातली हीच तर गंमत आहे, आणि माझ्या वाक्यात ती नाही.

माझ्या वाक्यात खोटं काही नव्हतं. रेल्वे आली, खरं. खाण सुरू झाली, तेही खरं. मध्ये होता एक 'व'. या 'व'ला काहीच सांगावं लागत नाही. कशामुळे काय झालं, आधी कोण, नंतर कोण, यातलं काही नाही. मुलं ते पाठ करत, जसंच्या तसं लिहीत आणि मी पूर्ण मार्क देत असे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, टीपा लिहा, यातल्या कशातही ही चूक मला दिसली नसती. दिसली ती बाणावर शब्द लिहायला लावल्यावर.

या पद्धतीचा जन्मही असाच, मुलांच्या डोक्यात नेमकं काय आहे हे दिसेना म्हणून झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी 1971 पासून लहान मुलांचा अभ्यास करत होते. पहिली-दुसरीतल्या मुलांना विज्ञानातल्या मूळ कल्पना शिकवायच्या आणि पुढे बारा वर्षं त्यांच्या मुलाखती घेत राहायचं. मुलाखती टेप केलेल्या, टेपवरून उतरवलेल्या, कागदांचे ढीग. त्यातून मुलाची समज बदलली की नाही हे काढायचं कसं? डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं त्यांच्यापुढे होतं की नवं शिकणं हे मुलाला आधी जे ठाऊक असतं त्याला जोडूनच होतं, नाहीतर ती घोकंपट्टी. तेव्हा मुलाच्या बोलण्यातून संकल्पना आणि त्यांना जोडणारे शब्द वेगळे काढून त्यांचा एका कागदावर नकाशा करायचा, असं 1972 मध्ये ठरलं. म्हणजे मुळात हे शिकवायचं साधन नव्हतंच, संशोधकांचं ऐकायचं साधन होतं! शिकवण्यासाठी ते नंतर वापरात आलं. नोव्हाक आणि गोविन यांचं त्यावरचं पुस्तक 1984चं. (टोनी बुझान यांचा माइंड मॅप वेगळा. त्यात मधल्या चित्रातून फांद्या फुटतात आणि फांदी काय म्हणते हे सांगावं लागत नाही. शाळांमधून दोन्हींची सर्रास खिचडी होते.)

हे वाचताना मला सारखी नानांची वही आठवत होती. आमचे नाना, म्हणजे वडील, 1950च्या दशकात बुनियादी शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शिक्षक झाले. वर्धा आमच्या जवळच. 1937च्या ऑक्टोबरात गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं डिसेंबरात अहवाल दिला आणि नई तालीम सुरू झाली. एक मूलोद्योग धरायचा, सूतकताई किंवा शेती, आणि गणित, भूगोल, इतिहास सगळं त्याला जोडून शिकवायचं. या जोडण्याला शब्द होता समवाय.

नानांच्या वहीत एका पानावर मध्यभागी टकळी काढलेली आहे आणि तिच्यातून चहूकडे रेघा. गणिताची रेघ मला अजून आवडते : चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. मग एका गुंडीत सूत किती फूट? मुलाच्या हातात सूत आहे, ते मोजायचं आहे, गुणाकार आपोआप आला. तशीच कापसाची रेघ, काळी जमीन, हिंगणघाट, तिथून मँचेस्टर. पण एक रेघ टकळीतून थेट 'पृथ्वीचे परिवलन' इथे गेली आहे. का, तर दोन्ही फिरतात! नाना स्वतःच त्यावर हसायचे. साहेब तपासणीला येणार असले की समवाय दाखवावाच लागे, म्हणून ओढली रेघ. नई तालीम मागे पडण्याची कारणं मोठी आहेत, कोठारी आयोगानंतर (1964-66) तिची जागा 'कार्यानुभव' नावाच्या तासानं घेतली वगैरे. पण मला वाटतं त्या बिनशब्दाच्या रेघांचाही थोडा हात असावा. गुंडीची रेघ आणि परिवलनाची रेघ कागदावर सारख्याच दिसतात. त्यांच्यावर शब्द लिहायची सक्ती असती तर दुसरी टिकली नसती. शिवाय समवाय जोडायचे गुरुजी. मूल काय जोडतं हे कुणी विचारत नव्हतं.

आपल्याकडे यावर नेटकं काम झालंय ते मुंबईला, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. मीना खरतमल आणि नागार्जुन जी. यांनी जीवशास्त्रातल्या पेशीसारख्या विषयांवर संकल्पना नकाशे तपासले आणि त्यांचा भर नेमका जोडशब्दांवर आहे. मुलं वाट्टेल तो जोडशब्द वापरतात, एकच संबंध दहा प्रकारे लिहितात किंवा मोघम लिहितात. म्हणून 'चा भाग आहे', 'चा प्रकार आहे', 'मध्ये असतो' असे ठरावीक, नेमक्या अर्थाचे संबंधच वापरावेत असा प्रस्ताव त्यांनी 2006 मध्ये कोस्टारिकातल्या परिषदेत मांडला. विज्ञानात हे मला पटतं. इतिहासात संबंध असे मोजके ठेवता येतील का, शंका आहे.

आणि मराठीची एक वेगळीच अडचण, ती भाचीबरोबर बसल्यावर कळली. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं, त्यामुळे ते बाणावर आरामात बसतं. आपलं क्रियापद शेवटी, आणि संबंध सांगणारा प्रत्यय तर नामालाच चिकटतो, वर त्याचं रूपही बदलतो. 'कोळसा' या चौकटीपुढे 'साठी आली' आणि पुढे 'रेल्वे' असं वाचून पाहा, अडखळायला होतं. म्हणून आम्ही ठरवलं की बाणावर लिहायचं, पण वाक्य तोंडानं पूर्ण म्हणायचं : कोळशासाठी रेल्वे आली. म्हणता म्हणता तिला सामान्यरूप कळलं, जे व्याकरणाच्या तासाला कळलं नव्हतं. असो.

सगळ्यात जास्त वेळ गेला 'आनंदवन'वर. तिनं लिहिलं होतं, आनंदवन वरोऱ्यामध्ये आहे. आता घरं तिथपर्यंत पोचली आहेत, तिला तसंच दिसतं. विचारलं, 1951 मध्ये बाबा आमटे कुष्ठरुग्णांना घेऊन गेले ते कुठे? "जंगलात." गावात का नाही? ती जरा वेळ पेन फिरवत बसली. मग 'मध्ये' खोडून तिनं लिहिलं 'बाहेर वसवावं लागलं', आणि हळूच विचारलं, "तेव्हा आपलं घर गावातच होतं का?"

होतं. नानांचे वडील तेव्हा इथेच राहत होते. मी तिला होय म्हटलं.

रात्री त्या शिक्षिकेला फोन केला. "मॅडम, तुमचं पान आहे, चुकेल कसं?" म्हणाली. समजावून सांगितल्यावर बराच वेळ बोलली नाही, मग विचारलं, "आता या वर्षीच्या मुलांना काय सांगू?" म्हटलं, माझं नाव घेऊन सांग. नवीन पान मी करून देते.

ते करते आहे. जुन्या पानात 'व' आतापर्यंत अकरा ठिकाणी सापडलाय. चारांच्या जागी काय लिहायचं ते ठरलं, उरलेल्यांसाठी गॅझेटियर काढून बसले आहे.